कार्ड आलं, पण पैसे का नाही आले?

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं केंद्र सरकारचं ओळखपत्र, पोस्टानं घरी येतं. घरातले ते प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवतात आणि पेन्शनची वाट पाहू लागतात. चार-सहा महिन्यांनी सेतू केंद्रात चौकशी केल्यावर कळतं की पेन्शनचा अर्ज कुणी केलेलाच नाही. कार्ड मिळालं म्हणजे अर्ज झाला, अशी सगळ्यांची समजूत होती.

कार्ड फक्त दोन गोष्टी सांगतं : तुम्ही दिव्यांग आहात, आणि किती टक्के. लाभ द्यायचा की नाही हे ठरवणारी कचेरी प्रत्येक लाभासाठी वेगळी, तिच्या अटीही वेगळ्या. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तुमचं उत्पन्न विचारत नाहीत. तहसीलदार तुमचा पाय तपासत नाहीत. रेल्वे तर या दोघांच्या कागदावर भागवून न घेता आपला तिसराच नमुना मागते. म्हणून एका दारातून नकार मिळाला तरी दुसरं दार उघडं असू शकतं, आणि पुष्कळ लोक नेमके पहिल्या नकारानंतरच घरी बसतात.

सुरुवात आधारपासून

दवाखान्यात जाण्याआधी आधार कार्ड, बँक पासबुक, रेशन कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला असे चार कागद शेजारी शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख आणि पत्ता वाचा. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे, पासबुकात नुसतं पहिलं नाव आणि आडनाव आहे, दाखल्यावर शुद्धलेखन तिसरंच, असं नेहमी सापडतं. लग्न झालेल्या बाईचं अर्धं आयुष्य माहेरच्या नावावर, अर्धं सासरच्या. हा फरक यूडीआयडीत उतरला की तो पुढच्या प्रत्येक अर्जात डोकं वर काढतो. कार्ड निघाल्यावर नाव बदलण्यापेक्षा आधी आधार दुरुस्त करणं फार सोपं. आधारला सध्या वापरात असलेला मोबाइल नंबर जोडलेला हवा, कारण ओटीपी त्याच्यावर येतो. नंबर शेजाऱ्याचा किंवा कॅफेवाल्याचा दिलात, तर पुढे तुमची किल्ली त्याच्या खिशात राहते.

टक्के कसे मोजतात

२०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. आधीच्या १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. बहुतेक लाभांची पायरी ४० टक्के आहे. ३८ टक्के आले तर प्रमाणपत्र मिळेल, पण बहुतेक दारं बंदच राहतील. कार्डावरच्या पट्टीचा रंगही टक्क्यांनुसार असतो : ४०च्या खाली पांढरा, ४० ते ८०च्या दरम्यान पिवळा, ८० आणि त्यावर निळा.

सर्वात जास्त निराशा होते ती एका डोळ्याच्या बाबतीत. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर नियमाप्रमाणे ३० टक्के बसतात. डॉक्टरांनी कमी लावले असं वाटून लोक भांडतात, पण तो आकडा त्यांच्या हातात नसतो. नजर चष्मा लावून मोजतात. चष्म्यानं जेवढं दिसतं तेवढं दिसतंय असं धरलं जातं. कानाचं उलट आहे. ऐकू येणं श्रवणयंत्र काढून मोजतात. कानाची तपासणी ऑडिओमेट्रीनं होते. लहान मूल किंवा उत्तर देऊ न शकणारी व्यक्ती असेल तर बेरा नावाची तपासणी लागते. तिची वेळ वेगळी मिळते, त्यामुळे एकाच दिवसात काम होईल असं धरून गावाहून निघू नका.

दोन प्रकारची अपंगत्वं असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, आणि इथला हिशोब समजून घेण्यासारखा आहे. मोठ्या टक्क्याला 'अ' आणि लहानाला 'ब' म्हणू. ९०मधून अ वजा करायचा, येणाऱ्या आकड्याला ब नं गुणायचं, ९०नं भागायचं आणि आलेलं उत्तर अ मध्ये मिळवायचं. समजा पायाचे ४० आणि एका डोळ्याचे ३० टक्के आहेत. ९० वजा ४० म्हणजे ५०. ५० गुणिले ३० म्हणजे १,५००. त्याला ९०नं भागलं की साधारण १७. एकूण ५७ टक्के, ७० नव्हेत.

या सूत्राचा फायदा वेगळ्याच जागी आहे. एका डोळ्याचे ३० आणि हाताचे २० टक्के असतील तर दोन्ही वेगवेगळे ४०च्या आतच आहेत. सूत्रात घातले की ४३ होतात आणि पायरी ओलांडली जाते. म्हणून अर्ज भरताना "मुख्य त्रास तर डोळ्याचाच आहे" म्हणून हाताचा उल्लेख गाळू नका. अर्जात नमूद केलेल्याच गोष्टीची तपासणी होते.

पक्षाघात, मेंदूला मार असे मज्जासंस्थेचे प्रकार असतील तर आजार सुरू झाल्यापासून सहा महिने जाऊ द्यावे लागतात. त्याआधी अवस्था स्थिर झाली असं डॉक्टर मानत नाहीत. दुसऱ्याच महिन्यात व्हीलचेअर ढकलत नेलेल्या माणसाला परत पाठवतात, ते त्यामुळे.

अर्ज आणि तपासणी

प्रमाणपत्र आणि कार्ड या दोन्हींसाठीचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा. त्याला शुल्क नाही. सेतू किंवा कॅफेवाला घेतो ते भरून देण्याचे पैसे. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि आजाराचे कागद तयार ठेवा. अर्जात रुग्णालय निवडावं लागतं. राहत्या जिल्ह्यातलं निवडता येतं, किंवा उपचार जिथे चालू आहेत किंवा झाले आहेत ते सरकारी रुग्णालयही चालतं. भंडारा किंवा गडचिरोलीच्या रुग्णाचे उपचार नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, चालू असतील तर तिथे अर्ज करता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. नागपुरात ही कामं मुख्यतः मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतून होतात. पोर्टलवर जी यादी उघडते तिच्यातूनच निवड करा, आणि घराजवळचं म्हणून निवडण्याआधी तिथे तुमच्या प्रकारचा तज्ज्ञ बसतो का ते विचारा. हाड, डोळा, कान, मानसिक आजार यांचे तपासणीचे वार वेगवेगळे असतात.

अर्ज पूर्ण झाला की नोंदणी क्रमांक मिळतो. पावतीचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. तपासणीला जाताना पावती, मूळ आधार, सगळे जुने कागद आणि त्यांचा एक झेरॉक्स संच न्या. जुने म्हणजे खरोखर जुने : अपघाताच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची चिठ्ठी, पहिला एक्स-रे. बाह्यरुग्ण विभागाची चिठ्ठी सकाळी लवकर काढावी लागते. तो विभाग दुपारी बंद झाला की दिवस गेलाच.

२०२४मध्ये नियम बदलले. प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने झाली, आणि दोन वर्षं निर्णय न होता पडून राहिलेला अर्ज निष्क्रिय होतो, मग पुन्हा नवा करावा लागतो. अर्ज करून ठेवला आणि तपासणीला गेलोच नाही, असे अर्ज या नियमात मरतात. प्रमाणपत्र तयार झालं की पोर्टलवरून उतरवून घेता येतं, प्लॅस्टिकच्या कार्डासाठी थांबायची गरज नाही.

जुनं प्रमाणपत्र असणाऱ्यांनी अर्जात तसा पर्याय निवडून ते अपलोड करावं. महाराष्ट्रात आधी 'साडम' नावाच्या संगणक प्रणालीतून प्रमाणपत्रं निघत, त्यांचे धारक आजही खूप आहेत. नव्यानं तपासणी करायची की नाही हे रुग्णालय ठरवतं.

प्रमाणपत्र कायमचं आहे की मुदतीचं, ही ओळ घरी आल्यावर लगेच वाचा. लहान मुलांची प्रमाणपत्रं बहुधा मुदतीची असतात, कारण वाढीबरोबर अवस्था बदलते. मुदत संपली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर चालू पेन्शन थांबू शकते. मुदतीच्या चार महिने आधीच नूतनीकरणाच्या कामाला लागा.

सिकलसेलबद्दल थोडं सविस्तर

विदर्भात हा विषय दोन ओळींत उरकता येत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार २१ प्रकारांपैकी एक आहे, पण 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' एवढ्यावर प्रमाणपत्र मिळत नाही. शिबिरात होणाऱ्या सोल्युबिलिटी चाचणीतून रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. माणूस वाहक आहे, म्हणजे एएस, की आजारी आहे, म्हणजे एसएस, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली रक्ततपासणी लागते. वाहकाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. आई एएस, बाबा एएस आणि मुलगी एसएस असेल तर घरातल्या एकीलाच ते मिळेल. सिकल आणि बीटा थॅलेसेमिया एकत्र असेल तर मात्र तो आजारच असतो. त्यात शिबिराची चिठ्ठी पुरत नाही, पूर्ण रिपोर्ट दाखवा.

आजार सिद्ध झाल्यावर टक्के ठरतात ते त्रासावरून : किती वेळा दुखण्याचा झटका येऊन भरती व्हावं लागलं, किती वेळा रक्त चढवलं, हाडं, प्लीहा, फुप्फुस किंवा मेंदूवर परिणाम झाला का. हे सगळं सिद्ध होतं कागदांवरून. घरच्या घरी गोळी खाऊन काढलेल्या रात्री कुठेच नोंदवलेल्या नसतात, त्यामुळे दरवेळी दवाखान्यात गेल्यावर तारखेसह नोंद करून घ्या आणि भरतीची कार्डं फेकू नका. वरवर धडधाकट दिसणाऱ्या मुलाला डॉक्टरांपुढे उभं केलं आणि फाईल रिकामी असली, तर टक्के कमी येणारच.

पेन्शन : तहसीलची पायरी

महिन्याच्या पैशांसाठी मुख्य योजना संजय गांधी निराधार अनुदान योजना. दिव्यांग अर्जदारासाठी अटी अशा : ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व, वय ६५च्या आत, महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांपर्यंत. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५पासून महिना १,५०० वरून २,५०० रुपये झाली. ६५च्या पुढे श्रावणबाळ योजना असते. दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्क्यांवरच्या दिव्यांगांसाठी केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन आहे. तिच्यात केंद्राचे ३०० रुपये येतात आणि राज्याची रक्कम वर जोडली जाते. अर्ज एकाच खिडकीवर जातो, कोणत्या योजनेत बसवायचं ते तहसीलची संजय गांधी शाखा पाहते.

उत्पन्नाची अट कडक आहे, यात शंका नाही. ५० हजार म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. घरात एकजण रोज मजुरीला जात असेल तरी हा आकडा ओलांडला जातो. म्हणून दाखल्यावर काय लिहून येतं याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि दलालांचा धंदाही त्यावरच चालतो. खोटा दाखला काढून देणारा नंतर सापडत नाही, चौकशी लाभार्थ्याचीच होते. दिव्यांगांसाठीचे लाभ फसवणुकीनं घेतले तर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

कागद असे लागतात : दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, वयाचा पुरावा, आधार, रेशन कार्ड, पासबुक, फोटो. अर्ज सेतूमार्फत, आपले सरकार पोर्टलवरून किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत देता येतो. काटोल, उमरेड, रामटेककडच्यांनी आपल्याच तालुक्यात द्यायचा. नागपूरला कलेक्टर कचेरीत येऊन तो पुढे सरकत नाही. शहरातल्यांनी मात्र आपला पत्ता नागपूर शहर तहसीलमध्ये येतो की नागपूर ग्रामीणमध्ये हे आधी तपासावं. बेसा, बुटीबोरीच्या वाटेवरच्या नव्या वस्त्यांत हा घोळ हमखास होतो. अर्ज समितीपुढे जातो आणि समितीची बैठक ठरावीक दिवशीच होते असं नाही. पोचपावती घ्या. पोचपावती नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

क्रम उलटा झाल्यानंही अर्ज अडतात. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवला आणि प्रमाणपत्र मिळेपर्यंत आर्थिक वर्ष उलटलं, तर तो दाखला जुना ठरतो. आधी प्रमाणपत्र, मग दाखला, त्याच आठवड्यात अर्ज.

अर्ज मंजूर होऊनही पैसे न येण्याचं नेहमीचं कारण बँकेत सापडतं. रक्कम आता आधारवरून थेट खात्यात जाते (यालाच डीबीटी म्हणतात), आणि ती अर्जात लिहिलेल्या खात्यात न जाता आधारशी मॅप झालेल्या खात्यात पडते. मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत कधीतरी उघडलेलं खातं शेवटी मॅप झालं असेल तर पैसे तिथे पडत राहतात आणि माणूस इकडे पासबुक भरून पाहत बसतो. बँकेत जाऊन "आधार लिंक आहे का" एवढंच विचारू नका. "डीबीटीसाठी आधार सीडिंग याच खात्याला आहे का" असं विचारा. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी येऊ शकतात. पेन्शन चालू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो.

घरातली दिव्यांग महिला लाडकी बहीण योजनेतही असेल तर सावध राहा. सरकारच्या दुसऱ्या योजनेतून महिना १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीणची पात्रता जाते. दोन्ही घेतल्यास नंतर वसुलीचा ताप होतो. पेन्शनचे २,५०० आणि लाडकी बहीणचे १,५०० यांतलं काय निवडायचं हे सांगायला नको.

ज्या दारांना ५० हजारांची अट नाही

पेन्शन उत्पन्नावरून नाकारली गेली तरी साहित्य मिळू शकतं. केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेत महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर तीनचाकी, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कृत्रिम अवयव मोफत मिळतात, ३० हजारांपर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. वाटप शिबिरांतून होतं. आधी मोजमाप होतं आणि नंतर वस्तू येते, त्यामुळे मोजमापाच्या शिबिराला न गेलेला माणूस वाटपाच्या दिवशी रिकाम्या हातानं परततो. नागपुरात केंद्राचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, म्हणजे सीआरसी, आहे. तिथे थेरपी आणि साहित्याची चौकशी करता येते.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. शहरात हे काम महापालिकेचा समाज विकास विभाग पाहतो, ग्रामीण भागात पंचायत समिती आणि ग्रामपंचायत. या पैशातून काय द्यायचं ते दरवर्षी बदलतं. अर्जाची सूचना निघते आणि थोड्या दिवसांत मुदत संपते. गावात असाल तर ग्रामसभेत "दिव्यांगांचे ५ टक्के यंदा कुठे खर्च केले" हा प्रश्न लेखी द्या, उत्तरही लेखी मागा.

रेल्वेच्या सवलतीला उत्पन्नाची अटच नाही, पण नुसतं यूडीआयडी दाखवून तिकीट मिळत नाही. रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात सरकारी डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी सवलत प्रमाणपत्र लागतं आणि त्यावरून रेल्वेचं वेगळं ओळखपत्र निघतं. अर्ज आता ऑनलाइन होतो. पूर्ण अंध, बौद्धिक अक्षम आणि सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग यांना स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तीच. नागपूरला मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशा दोघांचीही विभागीय कार्यालयं आहेत, तेव्हा आपलं जवळचं स्टेशन कोणत्या विभागात येतं ते पाहून अर्ज करा. एसटीत ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना साध्या आणि निमआराम गाडीत ७५ टक्के सवलत मिळते, ६५ टक्क्यांवर असेल तर सोबत्याला ५० टक्के.

नोकरदारांना आयकरात स्वतःच्या दिव्यांगत्वासाठी (१९६१च्या कायद्यात कलम ८०-यू) आणि घरातल्या दिव्यांग व्यक्तीसाठी (८०-डीडी) सवलत आहे : ४० टक्क्यांवर ७५ हजार, ८० टक्क्यांवर सव्वा लाख रुपयांची वजावट. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यासाचा निरामया आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. याच मुलांच्या पालकांनी मूल अठराचं होण्याआधी आणखी एक काम करून ठेवावं. अठरा पूर्ण झाली की आई-वडिलांची सही आपोआप चालत नाही. बँक खातं अडतं, पेन्शनचं खातंही. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. त्यासाठी नात्यातल्या माणसांची संमतीपत्रं, मुलाचं प्रमाणपत्र आणि पालकाचे कागद लागतात. अर्ज ऑनलाइन आहे, पण समितीची बैठक होईपर्यंत वेळ जातो, म्हणून वाढदिवसाच्या आधीपासून संमतीपत्रं गोळा करा.

नकार आला तर

तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. दिव्यांगत्व नाकारलं तर कारण लेखी देणं वैद्यकीय मंडळावर बंधनकारक आहे, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ५९व्या कलमाखाली त्यावर अपील करता येतं. अपिलात "मला फार त्रास होतो" एवढं लिहून उपयोग होत नाही. कोणती तपासणी झालीच नाही, कोणता रिपोर्ट पाहिला नाही, दुसरं अपंगत्व मोजायचं राहिलं का, हे लिहा. संजय गांधी योजनेचा अर्ज फेटाळला असेल तर कारणाची प्रत घ्या. कारण उत्पन्नाचं असेल तर नवा दाखला निघाल्यावर नव्यानं अर्ज करता येतो. वास्तव्याचं असेल तर पंधरा वर्षांपूर्वीचा जुना पुरावा शोधावा लागेल : शाळेचा दाखला, मतदार यादीतलं जुनं नाव, जुन्या वीजबिलाची प्रत, घरटॅक्सची पावती. आणि कारण "बँक तपशील जुळत नाही" असं असेल, तर त्या अर्जाला हात न लावता पासबुक घेऊन आधी बँकेत जा.